व्हँसेनचा खंदक

वीस वर्षांच्या शार्लने २२ फेब्रुवारी १३५८ रोजी पॅरिसमध्ये जे पाहिलं, ते त्याला जन्मभर पुरलं असणार. त्याचा बाप जाँ दुसरा, फ्रान्सचा राजा, १३५६ साली प्वातिएच्या लढाईत इंग्रजांच्या हाती लागला होता. राज्याचा सगळा भार या पोरसवदा युवराजावर आला होता. खजिना रिकामा, नाण्यातली चांदी वरचेवर घटवलेली, करांनी लोक वैतागलेले. त्या दिवशी शहरातल्या व्यापाऱ्यांचा पुढारी एतिएन मार्सेल हत्यारबंद जमाव घेऊन सेन नदीच्या बेटावरच्या राजवाड्यात घुसला आणि थेट युवराजाच्या दालनात शिरला. शाँपान्य आणि नॉर्मंडी या प्रांतांचे दोन मार्शल युवराजाच्या डोळ्यांदेखत कापले गेले. मार्सेलने स्वतःच्या डोक्यावरचं लाल-निळं टोपडं काढून शार्लच्या डोक्यावर ठेवलं. ते रंग पॅरिस शहराचे होते. हे टोपडं डोक्यावर आहे तोवर तुझ्या केसाला धक्का लागणार नाही, असा त्याचा अर्थ.

काही महिन्यांतच मार्सेल स्वतः मारला गेला आणि शार्ल राजधानीत परतला. १३६४ साली तो पाचवा शार्ल म्हणून गादीवर बसला. बेटावरच्या त्या जुन्या राजवाड्यात मात्र त्याचं मन पुन्हा रमलं नाही. शहराच्या पूर्वेला, साधारण सहा-सात किलोमीटरवर, व्हँसेनच्या रानात एक उंच मनोरा आकाराला येत होता. शार्लचा जन्मही १३३८ साली व्हँसेनलाच झालेला. राज्य चालवण्याची जागा म्हणून त्याने हीच निवडली.

व्हँसेनची कथा सहसा या मनोऱ्याच्या अंगाने सांगतात, आणि ते साहजिक आहे. सुमारे ५० मीटर उंचीचा हा दगडी मनोरा मध्ययुगातल्या उरलेल्या अशा मनोऱ्यांमध्ये युरोपातल्या सर्वांत उंचांपैकी एक आहे. मला मात्र ही कथा खंदकाच्या अंगाने सांगावीशी वाटते. मनोरा सहाशे वर्षं जागेवर उभा राहिला. खंदकाचा उपयोग मात्र प्रत्येक पिढीने आपल्या गरजेप्रमाणे बदलला, आणि प्रत्येकीने आपली खूण तिथे सोडली. किल्ल्याची डागडुजी करणाऱ्यांना जे प्रश्न पडले, त्यांची मुळंही मला याच खंदकात दिसतात.

आधी तिथे खंदक नव्हता, रान होतं. बाराव्या शतकात सातव्या लुईने शिकारीसाठी इथे एक घर बांधलं. त्याचा मुलगा फिलिप ऑग्युस्त याने ११८३ च्या सुमारास रानाला भिंत घातली आणि इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीने भेट म्हणून पाठवलेली हरणं आत सोडली. पुढे नवव्या लुईने त्या घराचा वाडा केला. हाच तो राजा ज्याला पुढे संतपद मिळालं. त्याचा सोबती झ्वँव्हिल याने म्हातारपणी आठवणी लिहून ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात प्रार्थना आटोपली की राजा व्हँसेनच्या रानात जाई, एका ओकच्या झाडाला टेकून बसे, आणि ज्याचं काही गाऱ्हाणं असेल त्याने यावं आणि थेट सांगावं, मध्ये ना चोपदार ना कारकून, असं झ्वँव्हिल लिहितो. फ्रान्समधल्या शाळकरी मुलांना हे चित्र पिढ्यान् पिढ्या दाखवलं गेलं आहे. त्यातली भक्ती जरा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट नजरेत भरते. तेराव्या शतकातला राजा व्हँसेनला उघड्यावर बसत होता आणि कोणीही त्याच्याजवळ जाऊ शकत होतं.

शंभर वर्षांनी त्याच जागी राजा आणि प्रजा यांच्यामध्ये दोन खंदक आले.

मनोऱ्याचा पाया सहाव्या फिलिपच्या काळात, इंग्रजांशी चाललेल्या लांबलचक युद्धाच्या तोंडावर घातला गेला आणि काम रखडलं. १३६१ मध्ये कैदेतून सुटून आलेल्या जाँ दुसऱ्याने ते पुन्हा सुरू करवलं आणि पाचव्या शार्लने १३७० च्या सुमारास पुरं केलं. मनोरा चौकोनी, चारही कोपऱ्यांना गोल बुरूज, एकावर एक सहा मजले. भिंतींची जाडी तीन मीटरांच्या आसपास. खालच्या मजल्यांवर मधोमध एकच सडपातळ खांब आणि त्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या दगडी कमानी. दुसऱ्या मजल्यावर राजाचं शयनगृह. एवढ्या उंचीचं ओझं नुसत्या दगडावर सोडायला तिथले गवंडी धजले नाहीत. त्यांनी बांधकामात जागोजाग लोखंडी पट्ट्या आणि सळ्या गुंफल्या. चौदाव्या शतकात लोखंडाचा इतका विचारपूर्वक वापर झालेल्या इमारती फार थोड्या.

या मनोऱ्याला स्वतःचा वेगळा तट होता, स्वतःचा खंदक होता आणि स्वतःचा उचलता पूल होता. पुलाच्या तोंडाशी असलेल्या दरवाजाच्या इमारतीत राजाने आपली अभ्यासिका ठेवली. शार्लला फ्रेंच लोक ‘शहाणा’ म्हणून ओळखतात, आणि त्याला पुस्तकांचं वेड होतं. लूव्हरमध्ये त्याने उभारलेल्या हस्तलिखितांच्या संग्रहातूनच पुढे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची परंपरा सुरू झाली असं मानतात. व्हँसेनलाही त्याने ग्रंथ, रत्नं, सोन्याची भांडी यांचा मोठा साठा ठेवला होता. दरवाजावर घड्याळाची घंटा बसवली, तिच्यावर १३६९ हे साल आहे. आपण कुठे, किती वाजता, कोणाला भेटायचं हे ठरवणारा हा नव्या जातीचा राजा होता.

नंतर त्याने बाहेरचा मोठा तट हाती घेतला. हे काम १३७३ ते १३८० असं फक्त सात वर्षांत झालं. एक किलोमीटरपेक्षा लांब तटबंदी, नऊ बुरूज, एकेकाची उंची चाळीस मीटरांवर. बाहेरून सगळीकडे दगडाने बांधून काढलेला रुंद, खोल खंदक, त्यात पाणी. आपल्याकडच्या भुईकोटाची कल्पना असलेल्या वाचकाला आराखडा लगेच कळेल. सपाट जमीन, लांबट चौकोन, डोंगराचा आधार नाही, म्हणून सगळी भिस्त तटाच्या उंचीवर आणि खंदकाच्या खोलीवर. क्रिस्तीन द पिझाँ ही त्या काळची विदुषी. तिने शार्लचं चरित्र लिहिलं आहे. ती सांगते की राजाला इथे एक बंदिस्त नगरच वसवायचं होतं, आपल्या मर्जीतल्या सरदारांना आत वाडे द्यायचे होते. राजवाडा, कचेऱ्या, देऊळ, सेवक, सैन्य, सगळं एका तटाच्या आत आणि बाहेर पॅरिस. तीनशे वर्षांनी चौदाव्या लुईने व्हर्सायला जे केलं, त्याची पहिली कल्पना इथली आहे असं मला वाटतं. फरक इतकाच की लुईला खंदकाची गरज भासली नाही.

शार्लला हे नगर पाहायला मिळालं नाही. १३८० मध्ये, तट पुरा होतो न होतो तोच, व्हँसेनच्या रानाच्या कडेला असलेल्या बोते नावाच्या वाड्यात तो वारला. सरदारांचे वाडे झालेच नाहीत. आवारात १३७९ मध्ये त्याने ज्या सँत-शापेल या प्रार्थनामंदिराची स्थापना केली, ते पुरं व्हायला १५५२ साल उजाडलं.

खंदकाने ज्यांना बाहेर ठेवायचं, तेच लवकर आत आले. पाचवा हेन्री हा इंग्लंडचा राजा फ्रान्स जिंकत जिंकत पॅरिसपर्यंत पोहोचला, फ्रेंच राजकन्येशी लग्न करून वारस ठरला आणि ३१ ऑगस्ट १४२२ रोजी व्हँसेनच्या किल्ल्यात आजारपणाने मेला. वय ३५. ज्या शत्रूसाठी एवढे तट चढवले तो यजमान म्हणून तिथे राहिला आणि तिथेच गेला. पुढच्या दीड शतकात राजे येत-जात राहिले. १५७४ मध्ये नववा शार्ल इथेच वारला. या काळात खंदकाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

सतराव्या शतकात दोन अगदी उलट गोष्टी एकाच वेळी घडल्या. एकीकडे चौदाव्या लुईचा मंत्री कार्डिनल माझारँ याच्या सांगण्यावरून लुई ल व्हो या वास्तुविशारदाने १६५४ पासून किल्ल्याच्या दक्षिण भागात राजा आणि राणी यांच्यासाठी समोरासमोर दोन प्रशस्त महाल बांधले. रानाकडच्या बाजूचा बुरूज त्याने खाली उतरवला आणि त्याची विजयकमान केली. नऊ बुरुजांपैकी पहिला बुरूज तोफेने पडला नाही, तो सौंदर्यासाठी उतरवला गेला, हे लक्षात ठेवायला हवं. माझारँ १६६१ च्या मार्चमध्ये इथेच वारला. तरुण लुईचं मन नंतर व्हर्सायकडे ओढलं गेलं आणि ते नवे महाल लवकरच रिकामे पडले.

दुसरीकडे मनोऱ्याचा तुरुंग झाला होता. त्यासाठी फार काही करावंच लागलं नाही. बाहेरच्याला आत येऊ न देणारा खंदक आतल्याला बाहेर जाऊ देत नाही. जाड भिंती, अरुंद खिडक्या, एकच पूल. राजाला सुरक्षित ठेवण्यासाठी जे जे बांधलं होतं, ते सगळं राजाला नकोशा झालेल्या माणसांसाठी जसंच्या तसं उपयोगी पडलं. इथे आणायचे ते कैदी बहुधा बड्या घरातले. १६५० मध्ये ग्रांद काँदे, फ्रान्सचा नावाजलेला सेनापती, भाऊ आणि मेव्हण्यासकट इथे कोंडला गेला. त्याने कैदेत कुंड्यांमध्ये फुलझाडं लावली आणि त्या फुलांवर माद्मोझेल द स्क्युदेरी हिने चार ओळी रचल्या, त्या काळी सगळ्या पॅरिसच्या तोंडी होत्या. या काँदे घराण्याचं नाव वाचकाने ध्यानात ठेवावं, कारण ते खंदकाशी पुन्हा येऊन भिडणार आहे.

खंदकावर मात करणारा एक जण होताच. चौथ्या आँरीचा नातू, बोफोरचा ड्यूक, पाच वर्षं कैदेत होता. १६४८ च्या ३१ मे रोजी, सणाचा दिवस पाहून, पहाऱ्यावरच्या माणसाला त्याने फितवलं आणि दोराने मनोऱ्यावरून खंदकात उतरला. दोर अपुरा पडला, त्याने उडी टाकली. पलीकडे थांबलेल्या साथीदारांनी त्याला वर ओढून घेतलं. द्युमाने आपल्या ‘वीस वर्षांनंतर’ या कादंबरीत हा प्रसंग रंगवून घेतला आहे.

तुरुंग म्हणून व्हँसेनचा खरा प्रताप मात्र वेगळाच. २४ जुलै १७४९ रोजी दनी दिदरोला इथे आणलं गेलं. गुन्हा एका पुस्तकाचा. आंधळ्यांविषयीच्या एका पत्राच्या रूपात लिहिलेल्या या पुस्तकातून देवाच्या अस्तित्वावर शंका डोकावत होती. दिदरो तेव्हा ‘आँसिक्लोपेदी’ या महाकोशाचा संपादक होता आणि कोशात पैसे गुंतवलेले प्रकाशक त्याच्या कैदेने हवालदिल झाले होते. त्यांनी अर्जविनंत्या केल्या. काही आठवड्यांनी दिदरोला मनोऱ्यातून हलवलं, किल्ल्याच्या आवारात फिरायची आणि भेटीगाठींची मुभा मिळाली. भेटायला येणाऱ्यांत एक होता जाँ-जाक रूसो. घोडागाडीला पैसे नसत, म्हणून तो पॅरिसहून चालत येई. अशाच एका दुपारी वाटेत चाळायला म्हणून त्याने ‘मर्क्यूर द फ्रान्स’ हे नियतकालिक बरोबर घेतलं होतं. दिजाँच्या अकादमीने त्यात निबंधस्पर्धा जाहीर केली होती. विद्या आणि कला यांच्या पुनरुज्जीवनाने माणसाची नीती शुद्ध झाली का, असा तो प्रश्न. रूसोने पुढे लिहून ठेवलं आहे की तो प्रश्न वाचताच त्याच्या डोक्यात विचारांचा असा लोंढा आला की त्याला वाटेवरच्या झाडाखाली बसावं लागलं, आणि उठला तेव्हा अंगरखा पुढून आसवांनी भिजलेला होता. तो किल्ल्यावर पोहोचला तो कमालीच्या अस्वस्थतेत. दिदरोने त्याला निबंध लिहायला प्रोत्साहन दिलं. १७५० मध्ये त्याला बक्षीस मिळालं आणि रूसो हा रूसो झाला. दिदरोची कैद संपली ३ नोव्हेंबरला. राजसत्तेने एका लेखकाला गप्प करायला कोंडलं, त्याला भेटायला निघालेल्या दुसऱ्याला त्याच वाटेवर कंठ फुटला, आणि पुढे त्या दुसऱ्याचं लिखाण क्रांतीच्या माणसांनी उशाशी ठेवलं. युरोपच्या विचारांच्या इतिहासात एखाद्या तुरुंगाकडे जाणाऱ्या वाटेला इतकं महत्त्व दुसरीकडे कुठे आलेलं मला माहीत नाही.

पुढे क्रांतीत वक्ता म्हणून गाजलेला मिराबो १७७७ ते १७८० इथे होता. राजाच्या सहीच्या एका चिठ्ठीवर चौकशीशिवाय माणसं कोंडण्याच्या रीतीवर त्याने कैदेतच घणाघाती ग्रंथ लिहिला. मार्की द सादही त्याच सुमारास याच भिंतींच्या आत होता. आणि याच किल्ल्याच्या एका बुरुजात १७४० पासून चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना चालत होता. तिथली नाजूक फुलं आणि पेले राजदरबारी जात. १७५६ मध्ये तो सेव्रला हलला आणि जगप्रसिद्ध झाला. एकाच तटाच्या आत एकीकडे भट्टीतून निघणारी फुलं आणि दुसरीकडे दिदरो, हे डोळ्यांपुढे आणून पाहावं.

१७८४ मध्ये तुरुंग बंद झाला. म्हणूनच १७८९ मध्ये जमावाचा राग बास्तीच्या तुरुंगावर निघाला आणि व्हँसेन वाचलं. २८ फेब्रुवारी १७९१ रोजी पॅरिसच्या कारागीर वस्तीतले लोक साँतेरच्या पुढारीपणाखाली कुदळी-पहारी घेऊन इथेही आलेच होते. लाफायेतने सैन्य आणून त्यांना परतवलं. मनोऱ्याची पाडापाड सुरू होता होता थांबली.

आता काँदे घराण्याकडे. आंगँचा ड्यूक हा त्या वंशाचा शेवटचा अंकुर. क्रांतीनंतर देश सोडून तो ऱ्हाइन नदीपलीकडे बाडेनच्या हद्दीत एटनहाइम इथे राहत होता. नेपोलियन बोनापार्टला ठार मारण्याच्या कटामागे जुन्या बूर्बाँ राजघराण्यातला कोणी राजपुत्र आहे अशी खबर होती आणि संशय याच्यावर आला. १५ मार्च १८०४ रोजी फ्रेंच घोडदळाने परक्या राज्याची हद्द ओलांडून त्याला उचललं. २० तारखेला संध्याकाळी तो व्हँसेनला पोहोचला. रात्रीच लष्करी न्यायमंडळ बसलं, त्याचा अध्यक्ष जनरल युलँ, जो १४ जुलैला बास्ती घेणाऱ्यांतला एक. वकील नाही, साक्षीदार नाहीत. ड्यूकने बोनापार्टची भेट मागितली, ती मिळाली नाही. २१ च्या पहाटे, अजून अंधार असताना, त्याला राणीच्या महालाखालच्या खंदकात नेलं आणि गोळ्या घातल्या. थडगं आधीच खणून तयार होतं. निकाल लागण्याआधी खड्डा तयार असणं, या एका गोष्टीने त्या न्यायाचं सगळं सांगून टाकलं. युरोपभरच्या दरबारांत संताप उसळला. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मध्ये अगदी सुरुवातीच्या बैठकीत पीटर्सबर्गचे उमराव याच खुनाबद्दल बोलतात. दोन महिन्यांनी बोनापार्ट सम्राट झाला. १८१६ मध्ये बूर्बाँ राजांनी खंदकातून ड्यूकचे अवशेष काढून सँत-शापेलमध्ये नेले. जिथे तो पडला तिथे खंदकात आजही स्मारकस्तंभ आहे.

हा वध किल्ल्याच्या वाट्याला आलेला एकटाच नव्हता; पुढे आणखी आले. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून चिरडलं गेलं तेव्हा शेवटी शरण आलेलं ठाणं व्हँसेन होतं आणि कम्यूनच्या बाजूच्या अधिकाऱ्यांना खंदकात उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. हेरगिरीसाठी शिक्षा झालेली माता हारी मात्र, पुष्कळांचा समज आहे तशी खंदकात मारली गेली नाही. १५ ऑक्टोबर १९१७ रोजी तिला किल्ल्याबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गोळ्या घातल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस मुक्त व्हायला चार-पाच दिवस असताना, जर्मन सैनिकांनी पोलीस आणि प्रतिकार चळवळीतल्या माणसांना इथेच ठार केलं. राजाच्या जिवासाठी खणलेल्या या खंदकात अखेर किती जणांचा जीव गेला.

बुरुजांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नेपोलियनला व्हँसेन हवं होतं ते दारूगोळ्याचं कोठार म्हणून. तोफांच्या युगात चाळीस मीटरचे बुरूज म्हणजे शत्रूला आयतं निशाण, आणि वर तोफा चढवायच्या तर माथा रुंद, सपाट, तटाच्या उंचीचा हवा. १८०८ पासून बुरूज तटाच्या पातळीपर्यंत उतरवले गेले. गावाच्या बाजूचा, उत्तर दरवाजाचा एकच बुरूज पूर्ण उंचीचा राहिला. १८१४ मध्ये पॅरिस पडलं तेव्हा किल्लेदार होता जनरल दोमेनिल, ज्याचा पाय वाग्रामच्या लढाईत गेला होता. शत्रूने किल्ला मागितला तेव्हा, आधी माझा पाय परत द्या मग किल्ला देतो, असं तो म्हणाल्याचं सांगतात. शब्द खरे असोत-नसोत, किल्ला त्याने दिला नाही, हे खरं. त्याच्या ताब्यातला दारूगोळा मोलाचा होता.

एकोणिसावं शतक लष्कराचं. छावणी, कोठारं, शस्त्रशाळा, नेमबाजीची शाळा. पण याच शतकात फ्रान्समध्ये जुन्या वास्तूंकडे नव्या डोळ्यांनी पाहायला सुरुवात झाली आणि वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युक व्हँसेनला आला. १८५० च्या दशकात त्याने सँत-शापेलची दुरुस्ती हाती घेतली. या माणसाबद्दल मला आदर आहे आणि त्याची भीतीही वाटते. कोणताही जुना दगड हाताळून तो कुठल्या शतकाचा, कसा घडवला, कसा बसवला हे त्याच्याइतकं जाणणारा त्या काळी कोणी नव्हता. पण त्याचा सिद्धांत असा की वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला पूर्णत्वाच्या अशा अवस्थेला नेणं, जी कदाचित कधीच कुठल्या एका क्षणी अस्तित्वात नव्हती. तिसऱ्या नेपोलियनसाठी त्याने पिएरफाँच्या पडक्या किल्ल्यावर हा सिद्धांत पूर्णपणे चालवला. १६१७ मध्ये फोडलेला तो किल्ला आज टोकदार छपरं, कोरीव पशुपक्षी आणि रंगीत दालनं घेऊन उभा आहे. पाहणाऱ्याला मध्ययुग भेटल्यासारखं वाटतं. भेटतो तो व्हियोले-ल-द्युक.

व्हँसेनला तसं झालं नाही. याचं मोठं कारण हे की किल्ला लष्कराच्या हातात होता आणि लष्कराला त्याचा वापर होता. १९३९-४० मध्ये सेनापती गामलँचं मुख्यालय इथेच होतं. २४ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन फौजा निघून जाताना किल्ल्यातली दारूगोळ्याची कोठारं उडाली, राजाच्या महालाचं नुकसान झालं, राणीच्या महालाला आग लागली. त्यानंतर ल व्होचे हे महाल पुन्हा उभे करण्याचं काम चाललं. आज तिथे फ्रेंच संरक्षणदलांचा ऐतिहासिक दफ्तरखाना आहे. दगॉलने राष्ट्राध्यक्षाचं निवासस्थान एलिझे प्रासादातून इथे हलवण्याचाही विचार केला होता.

१९९५ मध्ये मनोऱ्याची अवस्था धोक्याची झाली आणि तो बंद करावा लागला. बंद राहिला तो बारा वर्षं. त्या काळात जो अभ्यास झाला तो मला कामापेक्षाही मोलाचा वाटतो. पुरातत्त्वज्ञ जाँ शापलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवारात उत्खनन करून संत लुईच्या वाड्याचे पाये शोधले. मनोऱ्यातल्या लाकडांच्या वर्तुळांवरून झाडं केव्हा तोडली ते ठरवलं. दगडात गुंफलेलं चौदाव्या शतकातलं लोखंड तपासलं. कुठल्या वर्षी गवंड्यांचं काम कुठवर चढलं होतं हे आता जवळजवळ हंगाम-हंगाम सांगता येतं. म्हणजे हात लावण्याआधी वस्तू समजून घेतली गेली. मधेच, १९९९ च्या डिसेंबरातल्या वादळाने सँत-शापेलची रंगीत काचांची तावदानं फोडली आणि त्यांचं कामही वाढलं. मनोरा २००७ मध्ये लोकांसाठी पुन्हा उघडला. शार्लचं शयनगृह पाहायला जाणाऱ्याला त्याच भिंतींवर कैद्यांनी रंगवलेली चित्रं आणि कोरलेली अक्षरं दिसतात. ती पुसून १३७० सालची भिंत ‘परत’ आणण्याचा मोह कोणी केला नाही.

आणि आठ बुरूज तसेच बुटके ठेवले. नकाशे आहेत, जुनी चित्रं आहेत, एक बुरूज नमुन्याला पूर्ण उंचीचा उभा आहे, दगड घडवणारे कारागीर फ्रान्समध्ये आहेत. चढवायचे तर ते चढवता आले असते. काहींना वाटतं की पाचव्या शार्लचं नगर पुन्हा एकदा नऊही बुरुजांनिशी दिसायला हवं. मला हे पटत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जे तत्त्व मांडलं, की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा आणि शैलीची एकता हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट असू नये, ते व्हँसेनइतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे पटत नाही. बुरूज पुन्हा चढवले तर ल व्होची विजयकमान खोटी पडते, नेपोलियनच्या तोफा पुसल्या जातात, दोमेनिल कशाच्या आधाराने अडून बसला ते कळेनासं होतं. ज्याला मध्ययुगच हवं त्याच्यासाठी मनोरा आहे. बाकी सगळ्या शतकांना त्या बुटक्या बुरुजांवर तेवढाच हक्क आहे.

पॅरिसला जाण्याचा योग आला तर पिवळ्या रंगाच्या एक नंबरच्या मेट्रोने शेवटच्या स्थानकापर्यंत जा. मनोऱ्याचं तिकीट काढण्याआधी खंदकाच्या कडेकडेने किल्ल्याला एक फेरी मारा. ती एक किलोमीटरपेक्षा थोडीच जास्त आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.